अडतीस किलो

आईचं वजन अडतीस किलो भरलं तेव्हा दादा हसला, आणि तिथंच माझं डोकं फिरलं. काटा त्याने काही आईसाठी आणला नव्हता. न्हाणीघरात ठेवतात तसला सपाट काचेचा काटा, पाय ठेवला की लाल आकडे पेटतात. तो त्याने बाबांच्या डब्यांसाठी आणला होता. चार पत्र्याचे डबे पलंगाखालून ओढून त्याने खोलीच्या मधोमध मांडले होते. पद्धत बाबांचीच. आधी एकट्याने उभं राहायचं, मग डबा पोटाशी धरून उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. असे चारही डबे झाले. एकसष्ट किलो. घाम पुसत तो आईला म्हणाला, ‘ये गं, तुझंही होऊन जाऊ दे.’ आई स्वयंपाकघरातून ओले हात पुसत आली, चपला बाजूला काढल्या, आणि दुसऱ्याच्या घरात शिरावं तशी अंग चोरून काट्यावर चढली. खाली बघायलाही तयार नाही. जसं काही आकडा दादाचा होता, तिचा नव्हताच. ‘अडतीस!’ दादा म्हणाला. ‘आई, तू तर जेमतेम अडीच डबे!’ आणि हसला. आईही हसली. घरातले पुरुष हसले की तीही हसते, ही तिची जुनी खोड. मी मात्र भिंतीला टेकून उभी होते, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या घरात चाळीस वर्षं एक बाई रांधत होती, धूत होती, जिने चढत होती, आणि सगळं वळतं करून बाकी राहिली ती अडतीस किलो. आणि पलंगाखाली, जिच्यावर ती झोपायची त्या गादीच्या बरोबर खाली, एकसष्ट किलो नाणी.

दादाने मला बोलावलं होतं ते वाटणीसाठी नाही, असं त्याने फोनवर दोनदा सांगितलं. म्हणजे आधी वाटणीचा विचार त्याच्या मनात येऊन गेलाच होता. बाबा जाऊन महिना झाला होता. घरमालकाला ही दोन खोल्यांची जागा परत हवी होती. दादाकडे जागा नव्हती. म्हणजे जागा होती, पण त्या जागेत वहिनी होती. माझ्याकडे एकच खोली. तेव्हा दादाने एक निवास बघून ठेवला होता, शहराबाहेर, थकल्याभागल्या लोकांसाठी, हवा चांगली, डॉक्टर आठवड्याला येतो. अनामत चाळीस हजार. ‘आणि बघ,’ तो आवाज बारीक करून म्हणाला, कारण आई आत चहा टाकत होती, ‘बाबांनीच सोय करून ठेवलीय. काय दूरदृष्टी म्हणायची!’ दूरदृष्टी! मला हसावं की त्याच्या मुस्काटात द्यावी ते कळेना. आईला विचारलंस का, असं मी विचारलं. ‘तिला काय विचारायचं? ती कधी कशाला नाही म्हणाली आहे?’ हे मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं.

बाबा वजनकाट्यावर कारकून होते. शहरात शिरणारे ट्रक त्यांच्या काट्यावर चढायचे, भरलेले जाताना, रिकामे येताना, आणि बाबा वजाबाकी करून मालाचं वजन सांगायचे. ट्रकात काय आहे हे त्यांनी आयुष्यात कधी ताडपत्री उचलून पाहिलं नाही. पाहायची गरजच काय, असं ते अभिमानाने सांगायचे. ‘मोजणारा चुकतो, काटा चुकत नाही.’ हे वाक्य आमच्या घरात रोजच्या जेवणात मीठ असावं तसं होतं. घरी आले तरी तो काटा त्यांच्या डोक्यातून उतरायचा नाही. आई बाजारातून आली की तिने पैशांची पिशवी टेबलावर उलटी करायची. नोटा परत आईच्या हातात. नाणी सगळी बाबांच्या हातात, तिथून डब्यात. ‘नोटा संसाराच्या, नाणी बचतीची.’ कसली बचत, कशासाठी, ते कोणी विचारायचं नाही. रविवारी जेवणाआधी ते जुन्या स्प्रिंगच्या काट्यावर डबा घेऊन उभे राहायचे आणि झाकणावर खडूने आकडा लिहायचे. मागच्या रविवारचा आकडा बोटाने पुसून नवा. डब्यांना कुलूप नव्हतं. कुलपाची गरज काय, काट्यावर भरवसा होता. त्यांनी ती नाणी कधी ओतून मोजली नाहीत, कधी हातात घेऊन खुळखुळवलीसुद्धा नाहीत. कंजूष माणूस निदान आपलं धन बघून खूश तरी होतो. आमच्या बाबांना नुसता आकडा वाढलेला पुरायचा.

आता यात कोणाला काय त्रास, असं कोणी म्हणेल. दादा म्हणतोच. त्याला कळणार नाही, कारण तो सायकलने शाळेत जायचा. पण या शहरातल्या बसमध्ये चढलं की ड्रायव्हरशेजारी एक पेटी असते आणि त्या पेटीत फक्त नाणी चालतात. नोट चालत नाही, उधारी चालत नाही, तोंड वेंगाडलेलं चालत नाही. म्हणजे ज्या बाईच्या हातातून रोज संध्याकाळी शेवटचं नाणंही काढून घेतलं जातं, तिला बस नाही. तिला दुकान आहे, कारण दुकानाला नोट चालते. पाय जातील तिथपर्यंतचा बाजार आहे. त्यापलीकडचं शहर नाही. बाबांनी हे ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. ठरवून केलं असतं तर निदान मनापासून शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्यांनी फक्त सुटे गोळा केले, आणि त्याबरोबर आईची सगळी बस गोळा झाली. मी लहान असताना मला एकदा सणकून ताप आला होता. आईने मला पाठीवर घेतलं आणि डॉक्टरकडे चालत निघाली. मी तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून बघत होते; एक बस आली, थांब्यावर थांबली, दार उघडलं, ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं. आईने मान हलवली. दार बंद झालं. नंतर आणखी एक बस आली. मला तिच्या मानेवरचा घाम आठवतो, गार, आणि माझा तापलेला गाल त्याला लावून मला बरं वाटत होतं. घरी आल्यावर मी ओरडून विचारलं होतं, डब्यातली दोन नाणी का नाही घेतलीस? बाबा पेपरमधून वर न बघता म्हणाले, ‘ठेव ही मोडायची नसते.’ आई काहीच म्हणाली नाही, मूग गिळून गप्प. मला वाटतं, त्या दिवसापासून माझ्या नाकावर जो राग बसला तो उतरलाच नाही. घरात माझं नाव मिरची पडलं. बाबा कौतुकाने म्हणायचे, ‘मिरची तिखटच हवी.’ मला बाबांचा राग यायचा, पण तो राग सरळ होता, त्याला तोंड होतं. आईचा राग यायचा तो मात्र गिळवायचाही नाही आणि थुंकवायचाही नाही. एक नाणं, बाई, एक! कोणी तुला फासावर दिलं असतं?

आणि मग मी नोकरी कुठे करावी? बस कंपनीत, नाण्यांच्या खोलीत. लोक याला योगायोग म्हणतात. मी बाबांशी भांडून घर सोडलं तेव्हा जी पहिली नोकरी मिळाली ती धरली, एवढंच. शेवटच्या थांब्यावर, आगाराच्या आवाराला लागून, जाळीची खिडकी असलेली लांबट खोली. बसमधल्या पेट्या आमच्या टेबलावर उलट्या होतात. खाली हलत्या चाळण्या, एकाखाली एक, वरच्या चाळणीची भोकं मोठी, खालच्यांची लहान. आकारानुसार नाणी आपापल्या कप्प्यात घरंगळतात. मग एकेक कप्पा काट्यावर. एकाचं नाणं चार ग्रॅमचं, दोनाचं पाच, पाचाचं सहा, दहाचं आठ. दहाची नाणी किलोत एकशे पंचवीस बसतात, बाराशे पन्नास झाले. पाचाची किलोत एकशे सहासष्ट आणि वर चार ग्रॅम उरतात, ते चार ग्रॅम मला अजून खुपतात. एक किलो एकाच्या नाण्यांचे अडीचशेच. म्हणजे तोच किलो, तोच खांदा दुखणार, पण एकदा अडीचशे आणि एकदा त्याच्या पाचपट. वजनाला काय कळतंय? हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं आणि मला बाबांच्या तोंडावर जाऊन ओरडावंसं वाटलं होतं. गेले नाही. बाबा असेपर्यंत मी या घरी वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच आले, तेही दारातल्या दारात. तेवढ्या वेळात आई माझ्या हातात काहीतरी खायचं कोंबायची आणि मी ते घेऊन खाली उतरताना रागाने खायचे. त्या कामाने माझी बोटं कायमची राखाडी झाली, हाताला लोखंडी वास लागला जो साबणाने जात नाही, आणि कान तयार झाला. लोक पेटीत काय काय टाकतात! बटणं, खेळण्यातली नाणी, आणि सगळ्यात जास्त वायसर, नटबोल्टला लावतात ते, मधोमध भोक असलेले. आकार जमतो, वजनही जवळपास जमतं, काटा फसतो. कान फसत नाही. नाणं पत्र्यावर पडलं की शेवटी गोड घुमतं. वायसर पडला की नुसता ‘टप्’, बोलता बोलता कोणी तोंड मिटावं तसा. एवढी वर्षं मी तसले वायसर उचलून मागच्या डब्यात फेकतेय आणि ते टाकणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतेय. हरामखोर, फुकटे, भिकारचोट. बरोबरची बाई हसून कानात बोळे घालायची.

तर दादा आता मोबाइलवर गुणाकार करत होता. ‘एकाची, दोनाची, पाचाची, दहाची. चारही धरून किलोला सरासरी काढली तर पावणेसातशेच्या वर जाते. एकसष्ट किलो. म्हणजे बघ, एक्केचाळीस हजारांच्या पुढे. अनामत भागून वर चार पैसे राहतात. आईला एखादा चांगला कोट घेऊ.’ कोट! मी म्हटलं, ‘सरासरी कसली काढतोस? चारही नाणी सारखीच आहेत असं तुला कोणी सांगितलं? भाजीवाला सुटे म्हणून दहाची नाणी परत देतो का? तो एक देतो, दोन देतो. यात पंधरा-सतरा हजारांच्या वर एक छदाम निघायचा नाही. तुझा निवास राहिला तुझ्यापाशी.’ ‘तुला काय माहीत?’ ‘मला काय माहीत? मी दुसरं करते काय दिवसभर?’ ‘उचलली जीभ लावली टाळ्याला,’ तो म्हणाला, ‘सगळ्यात खोडा घालायचा, स्वतः मात्र काही करायचं नाही. मग ने की आईला तुझ्याकडे. नेतेस?’ माझ्या खोलीत एक पलंग आहे, एक खुर्ची आहे, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. संध्याकाळी मी घरी येते तेव्हा मला कोणाचाही आवाज सहन होत नाही. आईचं ते पाऊल न वाजवता चालणं, विचारल्याशिवाय पाणीही न पिणं, ते मी रोज बघू शकले नसते. तिसऱ्या दिवशी तिच्यावर ओरडले असते, चौथ्या दिवशी स्वतःवर. हे सगळं दादाला सांगायचं तर तो पुन्हा हसला असता. म्हणून मी ते न सांगता म्हटलं, ‘ओत.’

‘काय?’ ‘ओत सगळं. बघू दे किती आहेत. चाळून, वेगळी करून, आत्ता. या घरात एकदा तरी कोणीतरी डोळ्यांनी बघू दे.’ चहाचे कप घेऊन आई दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. कपांवर साय धरली होती. ‘कशाला ओतायचं गं?’ ती म्हणाली. ‘जड आहे. पसारा होईल. खालचे लोक ओरडतील.’ ‘ओरडू देत.’ ‘राहू दे ना, वजन तर झालं.’ ‘वजन तर झालं!’ मी तिच्यावर खेकसले. ‘तुझंही झालं, यांचंही झालं. आई, तुला कळतंय का हा काय करायला निघालाय? तुला शहराबाहेर नेऊन ठेवणार आहे, या डब्यांच्या पैशांवर! तुझ्याच भाजीच्या सुट्यांवर! आणि तू म्हणतेस पसारा होईल!’ आईने कप टेबलावर ठेवले. ‘ऐकलं मी,’ ती म्हणाली. ‘ऐकू येतं मला. पण ओतू नकोस, बाई माझी.’ तिच्या आवाजात इतकी काकुळती होती की दुसरी कोणी असती तर थांबली असती. मला वाटलं, पुन्हा तेच, मेलेल्या माणसाच्या ठेवीलासुद्धा हात लावायची भीती. मी पहिला डबा धरला, झाकण काढलं, वर एकाची दोनाची नाणी चमकत होती, आणि डबा आडवा केला.

आधी खळखळ आवाज आला, वरच्या थराचा, नेहमीचा, ओळखीचा. आणि मग आवाज मेला. टप्, टप्, टपटपटप्. दादाला काही कळलं नव्हतं, तो अजून नाण्यांकडे बघत खाली बसत होता. मला डोळ्यांनी बघायची गरजच नव्हती. फरशीवर वायसरांचा ढीग झाला. मोठे, लहान, काही गंजलेले, काही तेलकट, काही कोरे करकरीत. पलंगाखाली घरंगळले, दादाच्या पायाशी जाऊन पडले. मी दुसरा डबा ओतला. दुसऱ्यातही तेच, वर बोटभर नाणी, खाली वायसर. तिसरा. चौथ्यात तर काही ठिकाणी खिळेही होते. एकसष्ट किलोंमध्ये नाणी असतील चार, फार तर पाच किलो.

दादाचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. ‘हे कुठून आलं?’ आणि माझ्याकडे बघून, ‘वायसर तुझ्याकडे येतात ना? तूच सांगितलं होतंस, डबे भरून येतात म्हणून. म्हणून ओत ओत चाललं होतं काय? आधीच उरकलंस, आणि वर मला हिशेब शिकवतेस?’ मी, जिने या घरातून एक घोट पाणी मागून घेतलं नाही, मी चोर! मी पायातली चप्पल काढली. खरंच काढली. हातात चप्पल घेऊन मी सख्ख्या भावाच्या अंगावर धावून जाणार तोच आई म्हणाली, ‘तिने नाही. मी.’ आम्ही दोघंही तिच्याकडे बघायला लागलो. ती पलंगाच्या कडेवर बसली होती, पाय फरशीला पुरत नव्हते. ‘बसला जायला,’ ती म्हणाली. ‘बसला सुटे लागतात.’

मग तिने सांगितलं. मध्ये मध्ये गार झालेला चहा पीत, जणू शेजारणीची गोष्ट सांगतेय. मी घर सोडून गेले त्या वर्षी तिने पहिल्यांदा डब्यातून नाणी घेतली. एकदा जायचं आणि यायचं, तेवढीच. त्या रविवारी बाबा काट्यावर उभे राहिले, खाली उतरले, पुन्हा चढले. ‘म्हणाले, डबा हलका कसा? मी म्हटलं, काटा थकला असेल. तर त्यांनी तो दुरुस्तीला दिला!’ इथे आई हसली, पण हे हसू मी कधी पाहिलेलं नव्हतं, यात दात दिसत होते. दुसऱ्या वेळेपासून तिने खालच्या हार्डवेअरवाल्याकडून वायसर आणले. मूठभर वायसर एका नाण्यात मिळायचे. दादा अजून अविश्वासाने बघत होता. ‘पण तू वजन जुळवायचीस कसं? हिशेब कसा केलास?’ ‘हिशेब कसला रे? स्वयंपाकघरात तागडी आहे ना. या पारड्यात नाणी, त्या पारड्यात वायसर. सारखं झालं की झालं. मोठी मोठी नाणी काढायची, त्याला वजन तेवढंच नि फिरणं जास्त.’ दादा वायसरांच्या ढिगात फतकल मारून बसला. ‘गरीब गाय, पोटात पाय,’ तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात मला आयुष्यात पहिल्यांदा आईबद्दल आदर ऐकू आला, भीतीयुक्त. ‘एवढी वर्षं? कुठे जायचीस?’

आता वास्तविक मला आनंद व्हायला हवा होता. ज्या एका नाण्यासाठी मी तिला आयुष्यभर माफ केलं नव्हतं, तसली हजारो नाणी तिने त्या माणसाच्या बुडाखालून काढली होती, आणि तो दर रविवारी वायसर वजन करून खडूने आकडा लिहीत होता. लोळून हसावं असं होतं. पण माझा राग जायला तयार नव्हता, तो नुसता खोलीभर जागा शोधत हिंडत होता. मला का नाही सांगितलंस? मला का नाही नेलंस? तुला गाय गाय म्हणत मी माझं सगळं आयुष्य उभ्याने काढलं, आणि तू खुशाल बसमध्ये खिडकीशी बसून शहर बघत होतीस? ‘कुठे जायचीस?’ मीही विचारलं, पोलीस विचारतात तसं.

‘शेवटपर्यंत,’ आई म्हणाली. ‘आगारापर्यंत. तिथे समोर बाकडं आहे, झाडाखाली. टपरीवर चहा आणि पाव मिळतो.’ ते बाकडं मला माहीत होतं. जाळीच्या खिडकीतून मान वर केली की ते दिसतं. ‘तुलाच बघायला यायचे आधी,’ ती म्हणाली. ‘तू निळा स्वेटर घालायचीस, बाह्या कोपरापर्यंत वर. वायसर सापडला की मागे न बघता फेकायचीस आणि तो बरोबर डब्यात पडायचा. त्यावरूनच तर मला सुचलं.’ म्हणजे तिने ज्या नाण्यांनी तिकिटाचे पैसे टाकले ती नाणी, ज्या बसने ती आली त्याच बसची पेटी, माझ्याच टेबलावर उलटी होत होती. मी ती चाळत होते, वजन करत होते, लोकांना शिव्या घालत होते, आणि ती पंधरा पावलांवर पाव खात बसली होती. ‘मग हाक का नाही मारलीस?’ मी ओरडले. माझा आवाज फाटला. ‘एवढी वर्षं! एकदा तरी हाक मारायची!’

आईने हात पुढे करून माझ्या हातातली चप्पल काढून घेतली आणि खाली ठेवली. ‘मारणार होते,’ ती म्हणाली. ‘पहिल्याच दिवशी अगदी जाळीपर्यंत आले होते. पण तू काट्यावर वाकली होतीस, कपाळाला आठ्या, ओठ असे आत ओढलेले. अगदी यांच्यासारखी दिसत होतीस गं. मला वाटलं, हिला कळलं तर ही आधी वजनच करेल. माझी हिंमत झाली नाही.’

काहीतरी सणसणीत बोलायला मी तोंड उघडणार, तोच माझा हात ओठांकडे गेला. ओठ खरंच आत ओढलेले होते. मी बोटाने चाचपून पाहिले. सगळं आयुष्य ज्या माणसाचा द्वेष करून मी उभी राहिले त्याच्यासारखी! त्या बाकड्यावरून तर हे सगळ्यांना दिसत असणार, फक्त मला सोडून. दादाने एक वायसर उचलला, भोकातून दिव्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, ‘आता अनामतीचं काय करायचं?’ मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा त्याने वायसर खाली ठेवला. ‘आई माझ्याकडे राहील,’ मी म्हटलं. मला ते मवाळ आवाजात म्हणायचं होतं, पण मला मवाळ आवाज नाही, ते भांडल्यासारखंच आलं. ‘हे तू मला सांगतेस की विचारतेस?’ आई म्हणाली. या बाईने आजवर कोणाला असा प्रश्न केला नव्हता. मी दात आवळून म्हटलं, ‘विचारतेय. येतेस का?’

तिने जरा विचार केला. घाई नाही, काही नाही. ‘तुझ्या घरी काटा आहे?’ तिने विचारलं. ‘काटा?’ ‘वजनाचा. आहे?’ आहे. दाराजवळ, भिंतीला लावून. रोज सकाळी मी त्याच्यावर उभी राहते, मग चहा पिते. आजवर मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ‘आहे,’ मी म्हटलं. ‘तो काढ आधी. मग मला न्यायला ये. कोणाच्या काट्याखाली मी आता राहणार नाही, मग तो तुझा का असेना.’ ‘अटी घालतेस?’ मी ओरडले. ‘मला? आता? एवढं सगळं करून?’ ‘हो,’ ती म्हणाली, ‘आणि ओरडू नकोस, जा लवकर, नाहीतर दुपारच्या बसला गर्दी होते.’ ती पलंगावरून उतरली, खाली वाकली, आणि ढिगातून न बघता, न निवडता, मूठभर नाणी उचलून माझ्या हातात कोंबली, दारातल्या दारात खाऊ कोंबायची तशी. दोन-चार वायसरही त्यात आले असणार. माझ्या तळहाताला वजन कळलं, कळायचंच, आणि वजनामागून आकडाही आला. मी मूठ मिटली. मी दार माझ्यामागे इतक्या जोरात आपटलं की खालच्या मजल्यावरची बाई डोकं बाहेर काढून म्हणाली, ‘अहो, काय झालं काय? भांडण का?’ ‘काही नाही!’ मी जिन्यावरून ओरडले. ‘आईला घरी नेतेय!’